दरडीतली नदी

माझ्या मामाचा मला राग आहे. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये हे मलाही लहानपणी शिकवलेलं आहे. पण राग गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी कधी खटपटही केली नाही. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणत असे. इथं म्हणणार नाही.

नव्वदीच्या दशकात मी सांगलीला आई-वडिलांजवळ राहून भूशास्त्र शिकत होते. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. आमच्या नातेवाइकांत 'पोरगी दगड शिकती' हा फार मोठा विनोद होता. लग्नकार्यात कुणी ना कुणी जवळ येऊन विचारायचं, "दगडावर डोकं आपटाय कॉलेजात जाया लागतं व्हय गं?" आणि सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मामा हसायचा. त्याचं हसणं मला तेव्हाही आवडायचं नाही, पण तेव्हा निदान कारण किरकोळ होतं.

त्या वर्षी आमची सहल महाबळेश्वरला गेली होती. बाकीची मुलं स्ट्रॉबेरी आणि मक्याच्या कणसांत गुंतली होती. देवळात जाऊन गोमुखातून पडणारं पाणी सगळ्यांनी डोक्याला लावलं, मीही लावलं. मग सरांनी आम्हाला पश्चिमेच्या कड्यावर उभं केलं. खाली एकदम कोकण. सर म्हणाले, "इथून समुद्र किती जवळ आहे बघा. आणि ही कृष्णाबाई त्याच्याकडे पाठ करून सगळा देश ओलांडून पलीकडच्या समुद्राला जाते. का?"

उत्तर सोपं आहे, पुस्तकातही आहे. जमीन पूर्वेला कललेली आहे. पश्चिमेची कड वर उचलली गेली आणि पाणी उताराला लागलं. पण ती कड कधी उचलली, एका दमात की थांबत थांबत, हे तिथं उभं राहून कळत नाही. सरांनी कड्याजवळच्या दऱ्या दाखवल्या. एवढ्याशा ओढ्याला केवढी तरी रुंद दरी. अंगापेक्षा मोठा सदरा घातलेल्या पोरासारखे ते ओढे दिसत होते. सर म्हणाले, ही दरी या ओढ्यानं खोदलेली नाही, मोठ्या नदीनं खोदलेली आहे. त्या नदीचं डोकं पश्चिमेला होतं आणि कडा मागं मागं ढासळत आला तसं ते डोकं कोकणात कोसळलं. म्हणजे गोमुख राहू द्या तिथं, पण नदीचा पहिला उगम जिथं होता तिथं आज नुसती हवा आहे. माझ्या अंगावर काटा आला. बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं.

"मग पुरावा कुठं शोधायचा?" मी विचारलं.

"डोंगरात नाही," सर म्हणाले. "डोंगर झिजतो, झालेलं सगळं पुसत जातो. गाळ मात्र ठेवतो. खाली जा. नदीनं काय आणून टाकलंय ते बघ."

मला कुठं जायचं ते त्या क्षणीच कळलं होतं. माझं आजोळ कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठावर. मामाच्या मळीच्या रानाला, म्हणजे नदीनं आणलेल्या मातीच्या रानाला, नदीच्या बाजूनं उंच दरड होती. तिच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा एक पक्का थर ओट्यासारखा पुढं आलेला होता. त्यावर बायका धुणी धुवायच्या. लहानपणी मी त्यावर बसून पाय पाण्यात सोडलेले होते, आणि कधी एकदाही खाली मान घालून नीट बघितलं नव्हतं.

मे महिन्यात नदी खाली गेली तेव्हा मी हातोडी आणि टेप घेऊन गेले. मामीनं भाकरी बांधून दिली. मी दरडीसमोर उभी राहिले आणि खालून वर बघत गेले.

अगदी तळाला, पाण्याला लागून, बारीक काळसर चिकणमाती होती, वहीच्या पानांसारख्या पातळ थरांची. अशी माती संथ पाणी टाकतं. म्हणजे नदी इथं एके काळी आळशी होती, उतार नव्हता तिला. आणि त्या मातीवर एकदम, मधे काही नाही, नारळाएवढाले गोटे. काळ्या खडकाचे तर होतेच, पण जांभ्याचेसुद्धा. जांभा त्या भागात नाही. तो वर, पाचगणी-महाबळेश्वरच्या माथ्यावर. तांबडा, भोकाभोकांचा, तसा मऊच दगड. वाटेत झिजून त्याचा चुरा व्हायला हवा. तो एवढा मोठा इथवर आला म्हणजे नदीला अचानक जोर आला होता, तिनं वरच्या माथ्याला हात घातला होता. हे सगळे गोटे पुढं चुन्यानं एकमेकांना चिकटून कातळ झाले होते. पुस्तकात त्याला पिंडाश्म म्हणतात. त्याच्यावर पिवळट गाळ, थेट मामाच्या उसाच्या मुळांपर्यंत.

एवढंच असतं तर मी त्यावर पैज लावली नसती. नदीला जोर पाऊस वाढल्यानंही येतो, हे सरांनी बजावलं होतं. पण तळाच्या चिकणमातीत एक चीर होती. चिरेच्या डाव्या बाजूचे थर उजव्या बाजूपेक्षा वीतभर खाली सरकलेले. आणि ती चीर गोट्यांच्या थरापाशी येऊन संपत होती. गोटे तिच्यावर अखंड पसरले होते. आधी जमीन मोडली, मग गोटे आले. पाऊस जमीन मोडत नाही. मी ओल्या मातीत गुडघे टेकून त्या चिरेवरून बोट फिरवलं आणि एकटीच मोठ्यानं ओरडले. काठावरचे बगळे उडाले.

मामी धुणं घेऊन आली तेव्हा मी तिला धरून सगळं दाखवलं. मामीनं धुण्याचं बोचकं हातात तसंच ठेवून ऐकून घेतलं. "भुई हाललेली आमाला काय नवी हाय?" ती म्हणाली. "कोयनंच्या अंगाला कवा बी हालती. फळीवरची भांडी वाजत्यात. पर तिची खूण ऱ्हाती हे ठावं न्हवतं बया." मग तिनं त्या दिवशी धुणं पलीकडच्या टोकाला धुतलं, चिरेवर साबणाचं पाणी नको म्हणून. हे मी विसरलेले नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यामुळं झाला. आमच्या आजोबांच्या काळात एका पुरानंतर भावकीत भांडण लागलं होतं. चुलत घराचं म्हणणं, मळीचा हा तुकडा म्हणजे जुनं नदीपात्र. नदी सरकली म्हणून तो उघडा पडला, तेव्हा त्यात दोन्ही घरांचा हिस्सा. आजोबांनी कोर्टात शपथेवर सांगितलं की नदी या रानात कधीही नव्हती. आजोबा जिंकले. तेव्हापासून आजोळात रीतच पडली होती: नदी पूर्वी कुठून जायची हे काठावर बोलायचं नाही. पोराटोरांनी विचारलं तर पाठीत धपाटा. मला हा खटला ठाऊक होता. गावात प्रत्येक घराला एक असतो, तसा आमचा हा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच चुलत घराचा कर्ता पुरुष, मामाचा भाऊबंद, बांधावरून खाली वाकून मला बघत उभा होता.

"काय हुडकतीस, पोरी?"

"नदी," मी म्हणाले.

"नदी तर म्होरंच हाय की."

"ही नव्हे. जुनी. ती या दरडीतून, मामाच्या उसाखालून वाहायची."

"लिव्हनार काय हे?"

"लिहितेच आहे की."

"लिव्ह, लिव्ह," तो म्हणाला आणि धोतर सावरत, एखादी गाय व्यालेली असावी अशा खुशीत निघून गेला.

संध्याकाळी मामा जेवायला बसला. पहिल्या घासालाच त्यानं विचारलं, "आपल्या रानात नदी व्हती म्हनालीस?"

"मामा, हजारो वर्षांपूर्वी. कदाचित लाखो. तेव्हा इथं सातबारा तर सोडाच, माणूससुद्धा नव्हता."

"कोर्टात साल इचारत न्हाईत. इचारत्यात, व्हती का न्हवती."

मला हसू आलं. मी समजावून सांगायला लागले, ताटात भाकरीचे तुकडे एकावर एक रचून. मामानं ते रचलेले तुकडे हातानं मोडले. "ऋषीचं कूळ आन नदीचं मूळ इचारू नये म्हंत्यात ते उगं न्हाई," तो म्हणाला. "आज तू लिव्हनार, उद्या त्यो त्ये घेऊन वकिलाकडं जानार. शिकल्याली भाचीच म्हंती म्हनल्यावर आमी काय बोलायचं? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

"आवं, पोरगी आब्यास करती," मामी चुलीपासून म्हणाली.

"तू गप."

दुसऱ्या दिवशी मात्र तो गोड बोलला. कर की तुझं काम, म्हणाला. एस.टी.पर्यंत पोचवायलाही आला. माझं भाबडेपण एवढंच की मला ते खरं वाटलं. मी सांगलीला सरांना आणायला गेले. माझ्याकडं कॅमेरा नव्हता, कॉलेजचा सरांच्या ताब्यात असायचा. आणि फोटोपेक्षाही सरांनी ती चीर स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवी होती. विद्यार्थिनीनं एकटीनं पाहिलेल्या वीतभर चिरेवर कोण विश्वास ठेवणार? सरांचे पेपर तपासायचे राहिले होते. ते संपेपर्यंत मी त्यांच्या दाराशी रोज जाऊन उभी राहायची.

आम्ही गेलो तेव्हा मामा फाट्यावर आला होता. धुतलेली टोपी, हसरा चेहरा. "आवं या, या सर." घरी चहा झाला. सर बशीत ओतून निवांत पीत होते आणि मामा त्यांना गुऱ्हाळाच्या गोष्टी सांगत होता. मामी चहा देताना माझ्याकडं बघत नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी सरांना तसंच सोडलं आणि नदीकडं पळाले.

दरड नव्हती. ट्रॅक्टरनं वरची माती खाली लोटून तिचा सरळ उतार केला होता, त्यावर गवताची ठोंबं लावली होती, वर पाणीही मारलं होतं. पायथ्याचा गोट्यांचा कातळ ट्रॅक्टरला हलला नसता म्हणून माणसं लावून पहारीनं फोडून काढला होता. चिकणमाती, चीर, सगळं त्या लोटलेल्या मातीच्या खाली. मी हातानं उकरायला लागले. कोपरापर्यंत हात घालून उकरलं तरी खाली मातीच.

परत येताना गोठ्याकडं लक्ष गेलं. गोठ्याला नवा चौथरा झाला होता. माझे गोटे, चुन्यानं चिकटलेल्या ढेपांसकट, पायात भरले होते. एक जांभ्याचा, मोठा, तांबडा, बाहेरच्या अंगाला दिसत होता. महाबळेश्वरच्या माथ्यावरून इथवर आलेला दगड, आणि त्याच्यावर म्हशीनं शेण टाकलं होतं.

मामा मागून आला. "दरड धोक्याची व्हती गं. जनावरं पडत व्हती. कवाचं म्हनत व्हतो."

"तुम्ही अडाणी आहात म्हणून हे केलेलं नाही, मामा," मी म्हणाले. माझा आवाज चिरकत होता आणि सर ओसरीवरून ऐकत होते, पण मला पर्वा नव्हती. "मी काय सांगत होते ते तुम्हाला कळलं. बाकी कुणाहीपेक्षा नीट कळलं. म्हणून केलंत."

त्यानं नाही म्हणायला हवं होतं. निदान तेवढी लाज तरी दाखवायला हवी होती.

"व्हय," तो म्हणाला. "तुजा आब्यास दुसरीकडं हुईल. रान दुसरीकडं हुत न्हाई."

त्याच्या वागण्यापेक्षा या वाक्याचा मला जास्त संताप आहे, कारण ते घेऊन मी कुणाकडं गेले तरी ऐकणारा मान डोलावतो. आईनं डोलावली. वडिलांनी डोलावली. एस.टी.त सरसुद्धा म्हणाले, "त्याच्या जागी तो बरोबर आहे." मी त्यांना विचारलं, मग माझ्या जागी कोण बरोबर आहे? ते तिकिटाची बारीक घडी घालत म्हणाले, "जे आता दाखवता येत नाही ते लिहिता येत नाही. विषय बदल."

मी लगेच बदलला नाही. पाऊस लागेपर्यंत मी कऱ्हाडपासून थेट सांगलीच्या घाटापर्यंत काठ धुंडाळला. गोटे मिळाले, दोन ठिकाणी जांभाही मिळाला. चीर कुठंच मिळाली नाही. कुठं, अगदी शेजारच्या भाऊबंदाच्या रानातसुद्धा, तळाची माती पाण्याखाली, कुठं गोटेच अधांतरी. खालचं वरचं एका ठिकाणी दाखवणारी दरड तेवढी एकच होती. शेवटी मी पाचगणीच्या पठारावरच्या जांभ्यावर प्रबंध लिहिला. त्यावर माझ्या आधी अनेकांनी लिहिलं होतं, त्यांचंच मी जरा इकडचं तिकडं केलं. पहिला वर्ग मिळाला. मामा पेढ्यांचा पुडा घेऊन सांगलीला आला आणि दारातूनच म्हणाला, "दगडानं नाव काढलं बरं का!" आणि हसला. मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही. आईनं नंतर एक पेढा बळंच माझ्या तोंडात कोंबला, तो मी मोरीत थुंकले.

आजोळी जाणं मी बंद केलं. दिवाळीत मामी निरोप पाठवायची, मी काही ना काही काम काढायची.

भाऊबंदानं कधी खटला भरलाच नाही, हेही सांगून टाकते. त्याच्या मनात तसं होतं की नव्हतं, देव जाणे. माझ्या समजुतीप्रमाणं त्याला नुसती मामाची झोप उडवायची होती, आणि ती फुकटात उडाली.

दरड सपाट केल्यानंतरच्या पावसाळ्यात मामाची गवताची ठोंबं वाहून गेली. त्याच्याही पुढच्या साली पाऊस मोठा झाला, वरून धरणाचं पाणी सुटलं आणि कृष्णा बरेच दिवस फुगून राहिली. पाणी उतरल्यावर मामाचा फोन आला, गावातल्या एस.टी.डी. बूथवरून. आवाज ओळखीचा वाटेना. "नदी बघाय ये," तो म्हणाला. "तुला कळतंय त्यातलं." शिकलेली म्हणून त्यानं मला बोलावल्याची ही पहिली आणि शेवटची वेळ. मी गेले. मायेनं गेले नव्हते, झालेलं बघायला गेले होते.

उतार कुठंच नव्हता. होता तिथून नदी आत आली होती आणि मामाच्या मळीचा मोठा लचका गेला होता. कडेच्या उसाची मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती. आम्ही उभे असतानाच एक ढेकूळ सुटलं आणि खाली पाण्यात पडलं. भाऊबंदाचं रान शेजारीच होतं. त्याच्या पायथ्याचा गोट्यांचा थर जागेवर होता आणि त्याच्या मागं त्याचा ऊस सरळ उभा होता. मामा तिकडं बघत नव्हता.

"तुला ह्यातलं वाचता येतंय," तो म्हणाला. "कुठवर येनार ती?"

मी ताज्या तुटलेल्या कडेवर खालून वर नजर फिरवली. सगळा पिवळा गाळ, पाण्यात घातला की विरघळणारा. दगड एकही नाही. रानाच्या पलीकडं गोठा, गोठ्यामागं घर.

"गोठ्यापर्यंत," मी म्हणाले. "मग घर. दरसाल थोडं थोडं."

तो खाली बसला. उभ्या उसाच्या कडेला, नुसत्या मातीवर. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. एवढी वर्षं जो माणूस माझ्या दगडांना हसत आला होता, त्याला माझं हे वाक्य खरं वाटलं होतं.

"थांबवता ईल का?"

"थांबवणारं पायथ्याला होतं, मामा. ते तुम्ही फोडून काढलंत."

मामी आमच्या मागं येऊन उभी राहिलेली मला माहीत नव्हतं. ती मागं वळून गोठ्याकडं गेली. म्हशी तिच्या होत्या. तिनं माहेरून आणलेल्या एका रेडीपासून वाढवलेल्या. मी वळून बघितलं तर ती एकेकीचं दावं सोडत होती आणि पदरानं तोंड पुसत होती. त्या नव्या चौथऱ्यावरून म्हशी उतरायला तयार नव्हत्या.

"पोरी," तिनं हाक मारली, "रेडकू तेवडं धर. गावाकडच्या अंगाला नेऊन बांधू ह्यास्नी."

मी गेले आणि रेडकू धरलं.